अकराव्या नळीची लांबी

४ जानेवारी

ती. वहिनी,

नमस्कार. साष्टांग घालायला उजवा गुडघा तयार नाही, तेव्हा उभ्याचाच गोड मानून घ्या.

माझं पत्र बघून आधी वाटलं असेल की कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. मी कारखाना सोडला, एवढीच बातमी आहे.

बावीस वर्षं आम्ही ज्याला कपाट म्हणून विकत होतो ते काय असतं, माहीत आहे? भुसा. भुशात चिकट रसायन घालायचं, दाबून त्याची फळी करायची आणि वरून सागाच्या फोटोचा कागद डकवायचा. फोटोचा, वहिनी! गिऱ्हाईक आलं की त्या कागदावर हात फिरवून "बघा काय रेषा आहेत" म्हणायचं. पाणी लागलं की ही फळी ओल्या पावासारखी फुगते आणि बिजागरीचे स्क्रू हाताने उपटून येतात. मागच्या महिन्यात एक बाई तसलं कपाट परत घेऊन आल्या. खालच्या कप्प्यात बुरशी, बुरशीत झुरळांची अंडी. मालक म्हणाले, "भोकांत लांबी भर, नवा कागद चिकटव आणि दे पाठवून." मी लांबी भरली. पांढरा लगदा बोटाने दाबून दाबून भोकं बुजवली, वर कागद लावला. मग हात धुतले. तीनदा धुतले तरी वास जाईना. दुसऱ्या दिवशी गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मालकांचा निरोप आला तेव्हा सांगितलं, सुतार मेला, त्याच्या जागी रंगारी ठेवा.

तर आता घरी बसून एक खरी वस्तू करायची ठरवली आहे. दादाची होती तशी पेटी. दांडा फिरवला की भाता चालतो, कागदाची भोकं पाडलेली पट्टी पुढे सरकते, ज्या नळीचं भोक आलं त्या नळीत हवा जाते आणि ती नळी बोलते. तुम्हाला हे सांगतोय म्हणजे मासोळीला पोहायला शिकवतोय, पण लिहिताना मला बरं वाटलं.

तयारी सुरू आहे. एका पाडलेल्या घराच्या सागवानी चौकटी मिळाल्या, त्यांतले खिळे काढण्यात आठवडा गेला. नळ्यांसाठी हलकं, गाठ नसलेलं लाकूड हवं, ते शोधतोय. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीमागे आकृत्या काढून भिंत भरली आहे. अडलंय एकाच ठिकाणी. दादाची पेटी तुमच्याकडे आहे आणि मापं तिच्या पोटात आहेत. वीसही नळ्यांची लांबी आणि रुंदी मोजून पाठवाल का? दोऱ्याएवढा फरक पडला तरी सूर हलतो, म्हणून अंदाजाने करता येत नाही. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही असं मागे कळलं, म्हणून पत्र.

तुमचा दीर


१५ जानेवारी

भावोजी,

उभ्याचा नमस्कार पोचला. आशीर्वादही उभ्यानेच घ्या.

दोन वर्षांत एक ओळ नाही आणि आता चार पानं, तीसुद्धा कामापुरती. हे गेले त्या दिवशी आलात, दोन तास जिन्यापाशी उभे राहिलात, पाण्याच्या पेल्याला हात न लावता निघून गेलात. मी तेव्हा काही बोलले नाही, आज बोलते. माणसं असं परक्याच्या घरीसुद्धा वागत नाहीत.

राहिली पेटी. पेटी जिन्याखाली आहे. दोन पावसाळे ती तिथेच आहे आणि मी तिच्याजवळ जात नाही. तिथून असा काही वास येतो की झाडू मारताना मी पदर नाकाला लावते. उंदरांनी घर केलंय. परवा एक पिल्लू मरून पडलं होतं, मुंग्यांनी भरलेलं. त्या पेटीत मी हात घालणार नाही.

आणि तशीही मला त्या पेटीची हौस कधी नव्हती. तुमचे दादा वर्षातले आठ महिने ती गळ्यात अडकवून गावोगाव फिरायचे आणि मी इथे लोकांच्या घामट पँटी उसवत बसायची. मापाला आलेल्या कपड्यांच्या खिशांत काय काय निघतं हे तुम्हाला सांगितलं तर दोन दिवस जेवण जाणार नाही. हे घरी यायचे तेव्हा पेटी आधी पुसायचे आणि मग माझी चौकशी. सवत बरी, निदान तिला भांडता तरी येतं.

मार्चअखेर मी ही जागा सोडतेय. जिना चढवत नाही. खाली, रस्त्याला लागून एक खोली मिळाली आहे, मशीन आणि मी मावतो एवढी. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, पेटी तो नेईल. तोवर तुम्हाला काय करायचं ते करा. स्वतः या, गुडघा घेऊन या. नाहीतर राहू दे.

एक कान तर गेलाच आहे, दुसराही हळूहळू निघालाय. तुमची नवी पेटी वाजेपर्यंत मी ऐकायच्या कामाची उरेन असं वाटत नाही, म्हणून माझ्यासाठी घाई नको.

वहिनी


२४ जानेवारी

ती. वहिनी,

बोलणी पोचली. सगळी बरोबर आहेत, एकही परत करत नाही.

गुडघा घेऊन येईन म्हटलं तर डॉक्टरांनी तो पट्ट्यात बांधून ठेवलाय, महिनाभर प्रवास बंद. खोटं वाटेल, पण चिठ्ठी जोडली आहे.

इकडे माझाही वास सुरू झालाय. भात्याला आणि सांध्यांना सरस लागतो, तोही जुन्या पद्धतीचा. बाजारातला डबाबंद चिकट पदार्थ चालत नाही, कारण पुढे कधी नळी उघडायची झाली तर जुना सरस गरम पाण्याने सुटतो, हा नवा सुटत नाही. तर कातड्याचे तुकडे भिजत घातले, पाच दिवसांनी उकळले. वहिनी, काय सांगू! मेलेल्या जनावराने सूड घ्यावा तसा तो वास आहे. शेजारच्या मास्तरीणबाई दारात येऊन विचारून गेल्या, "घरात सगळे बरे आहेत ना?" मी म्हटलं, "सरस करतोय." त्या म्हणाल्या, "हे सरस असेल तर निरस कसं असतं?" खिडक्या लावून घेतल्यात त्यांनी. माझ्या जेवणाला, अंथरुणाला, बोटांना, सगळ्याला तोच वास. बावीस वर्षं फोटोचा कागद डकवला तेव्हा मात्र कोणी नाक धरलं नव्हतं.

तुम्हाला एक विनवणी. पेटीच्या मागच्या फळीला चार लाकडी खुंट्या आहेत. त्या फिरवल्या की फळी निघते. नळ्या दोन ओळींत उभ्या आहेत, डावीकडून मोजायच्या, नुसत्या वर ओढल्या की हातात येतात. नाकाला अत्तराचा बोळा लावा, हातात पिशवी घाला, मोठ्याने मला शिव्या द्या, आणि मोजा. भंगारवाला आला की ही मापं जगात कुठेच उरणार नाहीत. दादाने कुठे लिहून ठेवलेलं नाही, मी शपथेवर सांगतो.

तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही.

तुमचा दीर


९ फेब्रुवारी

भावोजी,

शिव्या देऊन झाल्या. आता मापं.

रविवारी खालच्या भाजीवालीला बोलावलं, दोघींनी पेटी ओढून गॅलरीत आणली. खुंट्या फिरेनात, मी कात्रीच्या मुठीने ठोकून फिरवल्या. फळी निघाली आणि भाजीवाली पळाली. मी पळू शकत नाही म्हणून राहिले. आत माझ्याच शिवणाच्या चिंध्यांचं घरटं होतं. मागच्या वर्षी हरवलेली निळी अस्तराची पट्टी तिथे निघाली. चिंध्यांत लेंड्या, लेंड्यांत किडे, एक पाल वाळून कागदासारखी चपटी झालेली. भात्याचं कातडं कुरतडून त्याची जाळी झालीय आणि त्यावर पिवळा ओलसर थर आहे, तो काय आहे हे मी विचारात घेतलेलं नाही. उंदराच्या मुताच्या वासाने डोळ्यांतून पाणी आलं. दोन वेळा मोरीवर जाऊन आले. तिसऱ्यांदा जायला पोटात काही उरलं नव्हतं.

नळ्या मात्र सगळ्या जाग्यावर होत्या. एकेक काढली, फडक्याने पुसली, मोजली. यादी मागच्या पानावर आहे. माझ्या टेपचा पहिला इंच झिजून गेलाय, मी नेहमी एकपासून धरते आणि एक वजा करते. तो वजा करूनच आकडे लिहिले आहेत. तुम्ही फार शहाणपण करून परत वजा करू नका.

दहावी सव्वासात इंच, बारावी सव्वासहा. मधली अकरावी, तिला लांबी आहे.

ही अकरावी कधी वाजायचीच नाही. तुम्हाला ते माहीत असेलच. गाणं चालता चालता तीन ठिकाणी पाऊल हुकल्यासारखं थांबायचं आणि पुढे जायचं. ती का गप्प असायची ते मला ह्यांनी सांगितलेलं आहे, ते तुमच्याशी बोलायचं कारण नाही. पण ती हातात घेतली तर तिच्या मागच्या अंगाला करंगळी जाईल एवढं भोक दिसलं. उंदरांनी तेवढाच भाग खाल्लाय, कडेला थोडी शिल्लक आहे. ती बघून मी विचारात पडले. असो.

मला तीन दिवस जेवण गेलं नाही. पुन्हा त्या पेटीचं नाव काढू नका.

वहिनी


१७ फेब्रुवारी

ती. वहिनी,

तुमचे उपकार फेडायचे म्हटले तर मला आणखी एक जन्म सुतारच व्हावं लागेल.

मापं अगदी चोख आहेत. मोठी तेरा इंच, छोटी चार. मी लगेच पुठ्ठ्याच्या नळ्या कापून भिंतीवर ओळीने टांगल्या. लाकूडही मिळालं. एका जुन्या वाद्यवाल्याच्या माळ्यावर वीस वर्षं पडलेल्या फळ्या, हलक्या, कोरड्या, वाजवल्या तर बोलतात. भात्यासाठी मेंढीचं कातडं आणलं. चांभाराने ते इतकं खारवलंय की घरात नेमकं काय मेलंय ते शेजाऱ्यांना कळेनासं झालंय. मास्तरीणबाई आता जिन्यावरून उतरताना श्वास धरून उतरतात.

एक राहिलं. अकरावी नळी तिला लांबी आहे एवढंच लिहिलंत, किती ते लिहायचं राहून गेलं. घाईत होतं असं. नुसता आकडा एका कार्डावर टाकलात तरी पुरे. नळी परत बघायचीही गरज नाही, आठवत असेल तर आठवणीने लिहा.

बाकी थंडी कमी झाली आहे. तुमच्या नव्या खोलीत ऊन येतं का?

तुमचा दीर


२६ फेब्रुवारी

भावोजी,

ऊन येतं. डोक्यातसुद्धा आलंय.

तुमचं हे पत्र मी दोनदा वाचलं. मग तुमचं पहिलं पत्र काढून वाचलं. "मी लांबी भरली. पांढरा लगदा बोटाने दाबून दाबून भोकं बुजवली." हे तुमचंच अक्षर. चाळीस वर्षं सुतारकी केलेल्या माणसाला मी लिहिलं की नळीला लांबी आहे, तिच्या अंगाला भोक आहे, कडेला थोडी शिल्लक आहे, आणि तो मला विचारतो, किती इंच? भोकाबद्दल एक अक्षर नाही. वर सांगतो, नळी परत बघू नका!

मी शिंपीण आहे. कपडा कुठे आधी फाटला होता आणि कोणी आतून घाईत टाका घातला, ते मला उलटं करून बघितलं की कळतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते तुमच्या पत्रावर पडलं होतं. मी नळी परत काढली, खिडकीपाशी नेली. गाठ पडून गेलेलं भोक आहे. त्यात लांबी भरून वरून लाकडासारखा तपकिरी रंग दिलाय. नळ्या तुम्हीच केल्या होत्यात. हे सगळ्यांना सांगायचे, "भाता माझा, नळ्या धाकट्याच्या."

आता ऐका, ती का गप्प असायची याबद्दल मला काय सांगितलं होतं ते. लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते. मी विचारलं, गाणं मध्येच का थांबतं? हे दांडा फिरवत म्हणाले, "तिथे मी मनातल्या मनात तुझं नाव घेतो. मग पेटी मान देऊन गप्प बसते." मी वीस वर्षांची होते. मला खरं वाटलं. आठ-आठ महिने हे बाहेर असायचे आणि मी मशीन चालवताना तेच गाणं गुणगुणायची, त्या तीन जागी बरोब्बर थांबायची. लोकांच्या घाणेरड्या पँटी हातात धरून मी थांबायची, भावोजी. आयुष्यभर! म्हणजे मी कशासाठी थांबत होते? खडू आणि तेलाच्या लगद्यासाठी.

मला त्या लेंड्यांची, त्या पालीची जेवढी किळस आली नाही तेवढी आता येतेय. तुमची येते, ह्यांची येते, आणि सगळ्यांत जास्त माझी येते. एका भावाने नळीत लांबी भरली आणि दुसऱ्याने माझ्या कानात. त्याच कानाने आता ऐकू येत नाही, तेही बरंच झालं.

भंगारवाला तीस मार्चला येणार आहे. अकराव्या नळीचं माप मिळणार नाही. बुजवा पुन्हा, तुम्हाला सवय आहे.

वहिनी


६ मार्च

ती. वहिनी,

हात दाखवून अवलक्षण केलं मी. आता पूर्ण पंजाच बघून घ्या.

मी वीस वर्षांचा होतो. एकोणीस नळ्या चांगल्या झाल्या होत्या. अकरावी शेवटी राहिली होती आणि लाकडाचा एकच तुकडा उरला होता, त्यात गाठ. दुसऱ्या दिवशी दादा पहिल्यांदा पेटी घेऊन निघणार होता. तासता तासता गाठ सुटून पडली. दादाला सांगायची लाज वाटली, मी लांबी भरली आणि रंग दिला. दादाने फुंकून बघितली, वाजली. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शाब्बास रे." त्या शाब्बासकीची मला अजून शिसारी येते. पंधरा दिवसांत लांबीला तडा गेला, हवा गळायला लागली आणि नळी मुकी झाली. दादा मला त्याबद्दल कधीही बोलला नाही. त्याने उघडून बघितलं नसेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. कारखान्यात बावीस वर्षं तेच काम माझ्या वाट्याला आलं, ते उगाच आलं असं वाटत नाही.

यापुढचं तुम्हाला माहीत नाही.

आठ वर्षांनी, हात बसल्यावर, मी नवी अकरावी केली. तसली नळी मी नंतर कधी केली नाही. ती घेऊन तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही मशीनवर होतात, मला चहा दिलात, साखर जास्त झाली म्हणून स्वतःवरच चिडलात. दादाला मी जिन्यात गाठून नळी दिली. म्हटलं, चूक झाली होती, ही बसव. त्याने फुंकली. काय सूर होता! तुम्ही आतून विचारलंत, "कोण शीळ घालतंय?" दादाने नळी माझ्या हातात परत ठेवली आणि म्हणाला, "झकास झालीय. पण ठेव तुझ्याकडे. त्या जागेवर आता भाडेकरू बसलाय, उठवता येत नाही." आणि हसला.

मला वाटलं, मला टोमणा मारतोय. तुझी लबाडी तिथे कायमची राहायला आलीय, असं म्हणतोय. अंगाची आग झाली. घरी गेलो, नळी उभी चिरली आणि तिची काठी केली, सरस ढवळायला. आजही तीच वापरतो. तिची टोकं जळून झिजून गेलीत, म्हणून तिच्यावरून माप घेता येत नाही. त्या दिवसानंतर मी तुमच्याकडे येणं कमी केलं. दादा गेला त्या दिवशी जिन्याखाली पेटी दिसली आणि मला तुमच्या पेल्याला हात लावायची लाज वाटली.

तुमचं पत्र वाचलं तेव्हा कळलं की भाडेकरू कोण होतं. मी नव्हतो. तुम्ही होतात, वहिनी.

पहिल्यांदा त्याने ती थाप मला झाकायला मारली असेल. तसंच असणार, तो होताच तसा. पण आठ वर्षांनी चांगली नळी त्याच्या हातात होती. तेव्हा झाकायला काही उरलं नव्हतं, मी स्वतःच कबूल केलं होतं. नळी बसवली असती तर गाणं पूर्ण झालं असतं. त्याने बसवली नाही.

माप देऊ नका. मला ते मागायचा हक्क नाही. फक्त भंगारात देण्याआधी हे वाचा.

तुमचा दीर


२८ मार्च

वहिनी,

पत्र पोचलं का, एवढंच कळवा. उत्तर लिहायचं नसेल तर कोरं कार्ड टाका.

एकोणीस नळ्या तयार आहेत. अकराव्या जागी भोक तसंच मोकळं ठेवलंय.

दीर


११ एप्रिल

भावोजी,

पत्ता बदललाय, वर लिहिला आहे. खोली बरी आहे. समोर रस्ता आहे, धूळ आत येते, कोपऱ्यावरच्या गटाराचा वास येतो आणि जाणारे-येणारे दारात थुंकतात. एकाला मी टेपने मारलं.

भंगारवाला ठरल्या दिवशी आला होता. त्याने पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि दांडा आपोआप अर्धा वेढा फिरला. त्या जाळी झालेल्या भात्याने कुठून तरी थोडी हवा ओढली आणि सगळी माझ्या तोंडावर सोडली. दोन वर्षांची घाण! उंदीर, बुरशी, जुना सरस, सगळं एकदम नाकात गेलं, मला उभ्या उभ्या ओकारी आली. आणि त्यातच कुठलीतरी एक नळी बारीकशी बोलली. मी तोंडावर हात दाबून त्याला खुणेने सांगितलं, ठेव खाली. तो मला वेडी म्हणून गेला असेल. पेटी आता माझ्या मशीनखाली आहे, पायाला लागते. घासून घासून धुतली तरी वास आहेच. ती तुम्हाला मिळणार नाही.

तुम्हाला माफ वगैरे केलेलं नाही. तुम्ही दोघे एका माळेचे मणी. तुमच्याशी निदान पत्रातून भांडता येतं, ह्यांच्याशी भांडायचं तर माणूस जागेवर नाही. भाडेकरू म्हणे! तीस वर्षं राहिले आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही. त्या दिवशीची शीळ मला आठवते. मी विचारलं तर हे आत येऊन म्हणाले, "रस्त्यावरचा कोणी मवाली असेल."

आता एक काम सांगते ते निमूटपणे करा. सोबत कागदाची पट्टी पाठवली आहे, उंदरांनी कडेने खाल्लीय पण अकरावीची ती तीन भोकं शाबूत आहेत. नवी पट्टी तिच्यावरून कापा. अकरावी नळी करा, चांगल्या लाकडाची करा, आणि बसवा. भोक मोकळं ठेवून मला मान देऊ नका. मनातल्या मनात पुष्कळ झालं. ह्यांनी माझं नाव असं घेतलं की शेजारी बसून मलाही कधी ऐकू आलं नाही. आता ते भर रस्त्यात, माझ्या दारासमोर, तीनदा, मोठ्याने ऐकू येऊ दे. दुसरा कान अजून थोडा आहे. पेटी घेऊन या, आणि आलात की पाणी प्या.

वहिनी

ता. क. अकराव्या नळीची लांबी पावणेसात इंच. एक वजा करूनच लिहिली आहे. दुसरी लांबी अजिबात नको.